बाळंतिणीवरचे उपचार अर्ध्यावर थांबू नयेत

महोदय,

बाळंतपणानंतर येणाऱ्या नैराश्याविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जे लिखाण आले, त्यात आईवर वेळीच उपचार केले की मुलाच्या वाढीची काळजी मिटते, असा सूर होता. आईवर उपचार झालेच पाहिजेत याबद्दल दुमत नाही. पण तेवढ्याने मुलाची काळजी आपोआप मिटते, हे मला पटत नाही. तान्ही मुले तपासण्यात बरीच वर्षे गेल्यामुळे हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

लसीकरणासाठी आणलेली चार महिन्यांची एक मुलगी मला अजून आठवते. वजन चांगले, कपडे स्वच्छ, नखेसुद्धा नीट कापलेली. तक्त्यावर शंका घ्यावी असे काहीच नव्हते. फक्त आईच्या मांडीवर असूनही ती आईच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. मी बोलू लागले तशी माझ्याकडे वळली, हसली आणि पुन्हा मान फिरवून छतावरच्या दिव्याकडे टक लावून बसली. मी आईला विचारले, ‘‘तुला झोप लागते का गं?’’ ती म्हणाली, ‘‘बाळ झोपलं तरी मी जागीच असते.’’ आणि मग तिला रडू आवरेना. मानसोपचारतज्ज्ञांच्या उपचारांनी काही आठवड्यांत तिची झोप परतली, भूक परतली. मुलीची नजर मात्र आईच्या चेहऱ्यावर ठरायला त्याहून बराच अधिक काळ लागला.

असे का होते, याचा उलगडा एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात केलेल्या एका साध्या प्रयोगातून होतो. बाळाशी खेळत असलेल्या आईला थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले, की बाळ आधी हसून, हात हलवून, आवाज काढून तिला बोलते करू पाहते आणि दाद मिळाली नाही की हळूहळू तोंड फिरवते. प्रयोगात हा खेळ काही मिनिटांत संपतो; नैराश्यात तो महिनोन्महिने चालू राहू शकतो. बाळाच्या हुंकाराला मिळणारा प्रतिसाद, आवाजातले चढउतार, नजरेला भिडणारी नजर यांतूनच भाषा, लक्ष देण्याची सवय आणि स्वतःला शांत करण्याची ताकद घडत असते. आजारी आईचे प्रेम कमी पडते असे नव्हे. आजार तिच्याकडून ही देवाणघेवाण हिरावून घेतो. तिला दोष देणारे किंवा ‘मन रमव म्हणजे बरे वाटेल’ असे सुचवणारे लोक तिच्या आजारात भरच घालतात.

नैराश्य किती काळ टिकते याला फार महत्त्व आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या हजारो मुलांच्या दीर्घ पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या मातांचे नैराश्य तीव्र होते आणि बाळ दोन महिन्यांचे व आठ महिन्यांचे असताना, अशा दोन्ही वेळी आढळले, त्यांच्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या वयात वर्तनाच्या अडचणी, सोळाव्या वर्षी गणितात कमी गुण आणि अठराव्या वर्षी स्वतःला नैराश्य येण्याचे प्रमाण अधिक दिसले. याचा अर्थ प्रत्येक मुलाचे असे होते, असा मुळीच नाही. जोखीम वाढते, एवढेच.

मग उपचारांनी काय साधते? मायर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात ७ ते १७ वर्षांच्या मुलांच्या आयांवर नैराश्याचे उपचार झाले. तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमधील मानसिक विकारांचे प्रमाण ११ टक्क्यांनी घटले, तर ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांमध्ये ते ८ टक्क्यांनी वाढले. आशा वाटावी असे हे आकडे आहेत. पण तान्ह्या मुलांच्या बाबतीत चित्र इतके सरळ नाही. पाकिस्तानातील ग्रामीण भागात आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन केलेल्या समुपदेशनाचे निष्कर्ष २००८ साली आले, तेव्हा बाळ सहा महिन्यांचे असताना नैराश्यात असलेल्या मातांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत २३ टक्के आणि न मिळालेल्यांत ५३ टक्के होते. एवढे मोठे यश! बाळांना जुलाबही कमी झाले. तरीही तीच मुले सात वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा दोन्ही गटांतील मुलांच्या बौद्धिक वा भावनिक विकासात फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष उपचारांविरुद्ध वापरणे अन्यायाचे होईल, कारण आई बरी होणे हेच मुळात पुरेसे कारण आहे. तिच्या दुःखाची दखल केवळ मुलाच्या गुणपत्रिकेसाठी घ्यायची नसते. माझ्या मते त्यातून दिसते ते एवढेच, की पहिल्या काही महिन्यांचे उपचार मुलाला वर्षानुवर्षे पुरत नाहीत. ब्रिटनमध्ये ॲलन स्टाइन यांच्या गटाने दीर्घकाळ नैराश्यात असलेल्या मातांवर घरी जाऊन उपचार केले आणि मूल दुसऱ्या वर्षात गेल्यावरही त्यांची पुन्हा भेट घेतली. निम्म्या मातांना बाळाबरोबरच्या खेळाचे चित्रण दाखवून त्याचे इशारे ओळखायला शिकवले, तर उरलेल्यांना शरीर शिथिल करण्याचे तंत्र शिकवले. मुले दोन वर्षांची झाली तेव्हा दोन्ही गटांतील मुलांचा विकास वयाला साजेसा होता. उपचारांविना राहिलेला गट तुलनेला नव्हता, त्यामुळे सगळे श्रेय उपचारांना देता येणार नाही. पण उपचार चिकाटीने चालू ठेवण्याची दिशा मला योग्य वाटते.

औषध दुधात उतरेल या भीतीने अनेक जणी गोळ्या परस्पर बंद करतात, हेही नोंदवायला हवे. नैराश्यावरचे सर्ट्रालीनसारखे औषध दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते आणि स्तनपान चालू असताना ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येते.

आजार ओळखणे अवघड नाही. १९८७ साली तयार झालेल्या एडिंबरा प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांविषयीचे अवघे दहा प्रश्न आहेत आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तो कोणत्याही कारणाने गाळला जाऊ नये. बाळाच्या तक्त्यात वजन, लांबी आणि डोक्याचा घेर लिहायला जागा असते. त्याच तक्त्यात आईसाठीही एक रकाना असावा, आणि पहिली दोन वर्षे बाळाच्या प्रत्येक भेटीत तो भरला जावा, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ