तपासणी कारखान्यातच हवी

भिंती, छत कारखान्यात तयार करून जागेवर जोडलेली घरे लवकर उभी राहतात, कारण पाया आणि घर यांचे काम एकाच वेळी चालते. परवान्याचे नियम मात्र बहुधा वीटबांधकामाच्या क्रमाने लिहिलेले! निरीक्षक येईपर्यंत वायरिंग, नळ भिंतीत बंद झालेले. तो तपासणार काय? तपासणी कारखान्यातच व्हावी, एका नमुन्याला एकदाच मंजुरी मिळावी. जागेवर पाया आणि सांधे कसून पाहावेत. सांध्यांबाबत घाई नकोच. लंडनमध्ये १९६८ साली रोनन पॉइंट या तयार काँक्रीट फलकांच्या २२ मजली इमारतीचा कोपरा, फलकांमधले सांधे कमकुवत असल्याने, एका गॅसस्फोटाने वरपासून खालपर्यंत कोसळला. ४ जणांचा जीव गेला. रहिवासी नुकतेच राहायला आले होते. सांध्यांच्या तपासणीची नोंद घर घेणाऱ्याच्या हाती देणे बंधनकारक करावे.

– एक वाचक