प्रमाणपत्रावर दोन ओळी वाढवा, साहेब

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांस

सप्रेम नमस्कार.

२२ मे १९८९ ला चांदीपूरहून पहिलं ‘अग्नी’ उडालं. १९ एप्रिल २०१२ ला व्हीलर बेटावरून ‘अग्नी-५’ गेलं; त्या बेटाला आता डॉ. अब्दुल कलामांचं नाव आहे. लोकांच्या लक्षात राहते ती ज्वाळा. क्षेपणास्त्र डोळ्यांआड गेल्यावर त्याचा माग काढणारी रडारं, त्याने पाठवलेली माहिती पकडणाऱ्या टेलिमेट्रीच्या डिश आणि त्यांच्यापाशी बसलेली पोरं कुणाला दिसत नाहीत. मी त्यातलाच एक होतो, डिप्लोमानंतर एक वर्ष ॲप्रेंटिस. केंद्र कुठलं ते लिहीत नाही, सवय म्हणा.

उड्डाण काही मिनिटांचं, तयारी कित्येक दिवसांची. दूरच्या टॉवरवरच्या छोट्या ट्रान्समीटरकडे डिश वळवून कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे मोजमाप बरोबर येतंय ना ते जुळवून घ्यायचं. कधी तिचं तोंड थेट सूर्याकडे करून रिसीव्हर तपासायचा, कारण सूर्यही रेडिओ लहरी सोडतो. शिवाय सगळ्या यंत्रांची वेळ तंतोतंत जुळलेली हवी, नाहीतर दोन ठिकाणची नोंद एकमेकींवर बसतच नाही. त्यात खारी हवा. एका रात्री सिग्नलमध्ये मधूनच खरखर यायला लागली. रिसीव्हर बदलला, तरी तीच. शेवटी शिडी लावून डिशमागचा कनेक्टर उघडला, तर आत तांब्यावर हिरवा थर. कापून, नवा जोडून, वरून टेप गुंडाळेपर्यंत उजाडलं. साहेबांनी स्क्रीन पाहिली आणि “चहा घे” म्हणाले. तिथे एवढी शाबासकी पुष्कळ.

वर्ष संपलं, प्रमाणपत्र मिळालं: ‘इलेक्ट्रॉनिक्स विभागात प्रशिक्षण पूर्ण, वर्तणूक समाधानकारक.’ पुढे एका कंपनीत मुलाखतीला विचारलं, “तिथे नेमकं काय करायचात?” म्हटलं, “सांगता येत नाही.” समोरचे गृहस्थ हसले. त्यांना वाटलं, सांगण्यासारखं काही नसेल.

ॲप्रेंटिसला नोकरीची हमी नसते, हे ठाऊक होतंच. गुप्तताही हवीच. मोहीम, तारीख, फ्रिक्वेन्सी कुणी मागत नाही. पण अँटेना फिरवणारा सर्व्हो जुळवणं, केबलला कनेक्टर चढवणं, रिसीव्हरचा नॉइज, म्हणजे खरखर, मोजणं यात गुपित कसलं? उपग्रहांच्या भूकेंद्रांवर आणि विमानतळाच्या रडारवर हीच कामं चालतात, आणि तिथे ती उघडपणे जाहिरातीत मागतात.

म्हणून विनंती एवढीच: उघड करायला हरकत नाही अशा कामांची यादी सुरक्षा विभागाने एकदा बसून मंजूर करावी, आणि ज्याने जे केलं ते त्या यादीतल्या शब्दांत त्याच्या प्रमाणपत्रावर छापावं. जुन्या तुकड्यांनाही सुधारित प्रत मिळावी. मी आता वेगळ्याच धंद्यात आहे. तरी माझी प्रत न्यायला येईन.

आपला,
एक माजी ॲप्रेंटिस