हंगामातून आलेला खांदा आणि जिमचं एकच कार्ड

संपादक महोदय,

१ जूनला मासेमारी बंद होते, त्याच सुमारास आंब्याचा हंगामही उरकतो आणि देवगड-मालवण पट्ट्यातल्या जिममध्ये नवी गर्दी दिसू लागते. जाळी ओढणारे, क्रेट उचलणारे हात मोकळे होतात. पोरांना गणपतीच्या आत छाती कमवायची असते. प्रत्यक्षात गणपतीपर्यंत त्यातले बरेचजण ‘खांदा गेला’ म्हणून घरी बसलेले असतात.

मी स्वतः पन्नाशीची, आंब्याची बागायत करणारी बाई. एप्रिल-मे महिन्यांत गडी झाडावर असतात आणि खालच्या फांद्यांचे आंबे मी घळीने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीने, काढते, म्हणजे दिवसभर मान वर आणि हात डोक्याच्याही वर. हाडं ठिसूळ होऊ लागलीत, वजन उचलायची सवय करा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर हंगाम संपताच जिम लावली. पत्र्याची शेड, खाऱ्या वाऱ्याने गंजलेले दांडे. त्याबद्दल तक्रार नाही, आमच्याकडे खिडकीचे गजही टिकत नाहीत. तक्रार आहे ती तिथे व्यायाम लिहून देतात त्या कार्डाबद्दल. बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून वजन वर ढकलणं), शोल्डर प्रेस (डोक्यावर वजन ढकलणं), मानेमागून लॅट पुलडाऊन (वर टांगलेला दांडा खाली ओढणं). बारावीचा मुलगा असो, होडीवरचा खलाशी असो की मी, कार्ड एकच.

थोड्याच आठवड्यांत मला उजव्या कुशीवर झोपता येईना. वेणी घालताना कळ, वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ. ट्रेनर म्हणाला, “काकी, दुखतां म्हणजेच लागू पडतां.” दवाखान्यात गेले तर इंजेक्शन मिळालं आणि हुकूम मिळाला, ‘वजन कायमचं बंद.’ दोघांनाही आपल्या म्हणण्याची पक्की खात्री होती. पण हात वर करून दाखवा, नेमकं कुठे दुखतं ते बघू, असं मात्र दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही.

ते म्हटलं फिजिओथेरपी शिकणाऱ्या माझ्या भाचीने. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात दुखत होतं, त्याच्या खाली आणि वर फारसं नाही. तिने समजावलं ते असं : खांद्याची खोबण अगदी उथळ असते, बशीवर लिंबू ठेवावं तसा हाडाचा गोळा तिच्यावर बसलेला असतो. तो जागेवर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू करतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वरचे मोठे स्नायू भराभर ताकद धरतात, पण या लहान स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश बळकट होतात. भार एकदम वाढला की त्या कुरकुरतात. माझ्या कंडरा तर मे महिन्यातच दमून आल्या होत्या, वर जूनमध्ये शोल्डर प्रेस!

तिने वजन बंद केलं नाही, उचलायची रीत बदलली. बेंचऐवजी जमिनीवर उताणं पडून डंबेल ढकलायचे, कोपरं अंगापासून ४५ अंशांच्या आसपास. कोपर जमिनीला टेकतं, त्यामुळे हात फार मागे जात नाही. लॅट पुलडाऊन मानेमागे नाही, छातीसमोर. ढकलण्याच्या एका सेटला ओढण्याचे दोन. काखेत घडी केलेला टॉवेल धरून, कोपर कुशीला लावून, रबराच्या बँडने हात बाहेर फिरवायचा. हा व्यायाम इतका किरकोळ दिसतो की पोरं हसतात. डोक्यावरची प्रेस काही दिवस बाजूला ठेवली, नंतर हात किंचित पुढे ठेवून हलक्या डंबेलने पुन्हा सुरू केली. दुखण्याचं मापही तिनेच दिलं. दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसावं. वाढलं तर वजन कमी करायचं, व्यायाम थांबवायचा नाही. याला तीन महिने तरी धरून चालायचं. आठवड्यात गुण येईल म्हणणाऱ्याला लांबूनच हात जोडावेत.

हात गळ्यात बांधून महिना-महिना बसणं तर आणखी वाईट, खांदा आखडतो. साखर असलेल्यांना हा धोका जास्त. ऑपरेशनच्या धास्तीने गप्प बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. खांद्यातलं हाड घासून जागा मोकळी करायची शस्त्रक्रिया बरीच वर्षं सर्रास होत होती. ब्रिटनमध्ये ती नुसत्या दुर्बिणीच्या तपासणीशी ताडून पाहिली, तर दुखण्यात लक्षात येण्याजोगा फरक आढळला नाही. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आहे. एमआरआयमध्ये थोडी फाटलेली कंडरा दिसली तरी लगेच घाबरू नये, मुळीच न दुखणाऱ्या खांद्यातही ती सापडते. मात्र पडल्यावर हात उचलताच येईना, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, ताप येऊन सांधा सुजला तर थांबू नये. डावा खांदा दुखतोय, घाम फुटलाय, दम लागतोय, असं झालं तर तो जिमचा विषय नव्हे, थेट हॉस्पिटल गाठावं.

जिमचालकांना माझं सांगणं एवढंच, की कार्ड लिहिण्याआधी ‘तू काय काम करतोस?’ हे विचारा. महिनाभर घळ धरलेल्याला लगेच डोक्यावरची प्रेस देऊ नका. जाळी ओढणाऱ्याची पाठ तयार असते, पण बेंचवर झोपून ढकलायची सवय त्याच्या खांद्याला नसते. त्याला रिकाम्या दांड्यापासून सुरुवात करू द्या.

दुसरी मागणी आरोग्य खात्याकडे. माझी भाची घरातली, म्हणून माझं निभावलं. इतरांना फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचं तर दिवस मोडतो आणि मजुरीही बुडते. खलाशी तेवढ्यासाठी जाणार नाही. तो मलमाची ट्यूब घेईल आणि नारळी पौर्णिमा झाली की तोच खांदा घेऊन होडीवर चढेल. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी निदान जून-जुलैमध्ये आठवड्यातून एक दिवस सरकारी फिजिओथेरपिस्ट बसावा, आणि तो वार जिमच्या दारावर लावलेला असावा.

— एक आंबा बागायतदार, देवगड