गम लावण्याआधी स्क्रीन पेटवून पाहा

महोदय,

मोबाइलची स्क्रीन घरी बदलण्याचे किट आता ऑनलाइन चटकन मिळते आणि दहा मिनिटांत काम उरकून दाखवणारे व्हिडिओही ढिगाने आहेत. काम अशक्य नाही. सपाट स्क्रीनच्या साध्या अँड्रॉइड फोनचे तर हात स्थिर असलेला कोणीही दोन-अडीच तासांत करू शकतो. पण या व्हिडिओंत स्क्रू काढणे तेवढे सविस्तर दाखवतात आणि दोन गोष्टी गाळतात : पार्ट निवडायचा कसा, आणि गम लावण्याआधी तपासायचे काय. पैसे बुडतात ते सहसा याच दोन ठिकाणी.

आधी फुटले काय ते पाहावे. वर काच, तिच्याखाली टच, त्याखाली डिस्प्ले असे थर असतात आणि आजच्या फोनमध्ये ते पारदर्शक चिकट थराने एकजीव केलेले असतात. चित्र स्वच्छ दिसते, टच चालतो, फक्त काचेला तडा आहे, अशा वेळी नुसती काच बदलण्याचा मोह होतो. ते घरचे काम नाही. दुकानात स्क्रीन गरम पट्टीवर ठेवून केसाइतक्या बारीक तारेने काच कापून सोडवतात, जुना चिकट थर पुसून काढतात, नवी काच निर्वात यंत्रात बसवतात आणि शेवटी दाबाच्या टाकीत बुडबुडे घालवतात. घरी पातीने खरवडून काच सुटेलही, पण सोबत डिस्प्ले जाईल. एलसीडीवर (मागच्या दिव्यांनी उजळणारा डिस्प्ले) शाई सांडल्यासारखा डाग पसरतो, अमोलेडवर (स्वतःच उजळणारा डिस्प्ले) हिरव्या-जांभळ्या उभ्या रेषा येतात. म्हणून घरी बदलायचा तो काच-टच-डिस्प्ले असा अख्खा जोड. बाजारात त्याला कॉम्बो किंवा फोल्डर म्हणतात.

हा फोल्डर फोनच्या नावावरून मागवू नये. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली मॉडेल नंबर असतो, तो अक्षर न अक्षर जुळवावा. रेडमी नोट १० ची स्क्रीन अमोलेड आहे आणि रेडमी नोट १०टी ५जी ची एलसीडी. नावात जेमतेम फरक, पण भाग पूर्ण वेगळा. दुसरा प्रश्न दर्जाचा. अमोलेड फोनसाठी स्वस्तात मिळणारे ‘टीएफटी’ किंवा ‘इनसेल’ फोल्डर म्हणजे एलसीडीच. चित्र येते, पण काळा रंग करडा दिसतो, बॅटरी लवकर उतरते, काच चौकटीच्या किंचित वर राहते आणि स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट चालत नाही. तो सेन्सर स्क्रीनमधून आरपार बोट पाहतो. एलसीडीच्या मागे बॅकलाइटचा अपारदर्शक थर असतो, त्यातून त्याला काही दिसत नाही. विक्रेता हे आपणहून सांगत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत समोर बसून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, ‘टीएफटी की ओएलईडी’ (अमोलेड हा ओएलईडीचाच प्रकार) हे बिलावर लिहून घ्यावे.

तिसरे, विथ फ्रेम की विदाउट फ्रेम, म्हणजे चौकटीत बसवलेला फोल्डर की नुसता. विदाउट फ्रेम स्वस्त. पण त्यात जुनी स्क्रीन तापवून चौकटीतून उचकटावी लागते, काचेचा चुरा आणि जुना गम कणाकणाने काढावा लागतो आणि चौकट वाकलेली असेल तर नवी काच पहिल्याच दाबाला तडकते. फोन कोपऱ्यावर पडून फुटलेला असतो तेव्हा चौकट बहुधा वाकलेलीच असते. घरी करणाऱ्याने थोडे जास्त मोजून विथ फ्रेमच घ्यावा. त्यात मदरबोर्ड, बॅटरी, चार्जिंगचा छोटा बोर्ड, इअरपीस, व्हायब्रेटर असे सगळे नव्या चौकटीत हलवावे लागते. काम वाढते, पण काचेशी झटापट टळते.

उघडण्याआधी डेटाचा बॅकअप. टच मेला असेल पण चित्र दिसत असेल तर टाइप-सीचे ओटीजी, म्हणजे फोनला यूएसबी वस्तू जोडणारा छोटा अडॅप्टर, लावून साधा माउस जोडावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये बाण दिसतो आणि लॉक उघडता येते. बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरवून फोन बंद करावा, कारण चुकून टोचली गेली तर कमी भरलेली बॅटरी कमी भडकते. सिमचा ट्रे आधी बाहेर; तो राहिला तर बोर्ड उचलताना सिमचा स्लॉट तुटतो. फुटक्या काचेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी आडवी-उभी लावावी आणि डोळ्यांवर गॉगल घालावा. बॅटरी फुगून पाठ वर आली असेल तर इथेच थांबावे आणि फोन कारागिराकडे न्यावा.

हत्यारे फार लागत नाहीत : चांगल्या प्रतीचा पीएच-००० स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकच्या दोन-चार पिका (पातळ तिकोनी चकत्या), प्लॅस्टिकची चपटी काडी, चिमटा, हेअर ड्रायर आणि ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल. किटमधला स्क्रूड्रायव्हर बहुधा मऊ लोखंडाचा असतो, तिसऱ्या स्क्रूला त्याचे तोंड झिजते आणि स्क्रूचेही. त्या एका वस्तूवर पैसे वाचवू नयेत.

पाठ उघडताना कडेकडेने ड्रायर फिरता ठेवून दोन-तीन मिनिटे तापवावे, बोट जेमतेम टेकवता येईल इतके. ड्रायर एका जागी, विशेषतः बॅटरीवर, धरू नये. मग पिक आत सारून फिरवावी, पण खोल नाही. तीन-चार मिलिमीटर पुरे. पाठ सुटली की झटक्यात ओढू नये. फिंगरप्रिंट मागे असलेल्या फोनमध्ये तिथून बोर्डाकडे एक नाजूक पट्टी गेलेली असते आणि पहिली तुटते ती तीच.

आता आतल्या पत्र्याचे स्क्रू. ते वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर फोनची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डात घुसून आतल्या तारा कापतो. फोन मरतो आणि बाहेरून कारणही दिसत नाही.

पत्रा निघाला की सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या काडीने सरळ वर उचलावा, मगच स्क्रीनचा. जोडताना उलटा क्रम : स्क्रीन आधी, बॅटरी शेवटी. हा नियम शोभेचा नाही. एलसीडीच्या बॅकलाइटचे दिवे एकापुढे एक जोडलेले असतात. बॅटरीचे चार व्होल्ट त्यांना पुरत नाहीत, म्हणून बोर्ड ते वाढवून पंधरा-वीस व्होल्टपर्यंत नेतो. बॅटरी जोडलेली असताना स्क्रीनचा कनेक्टर तिरका बसला की ही लाइन शेजारच्या पिनेला शिवते आणि बॅकलाइटचा बारीक फ्यूज किंवा आयसी (चिप) उडतो. मग नवी स्क्रीन काळी, रिंग मात्र वाजते. अशा स्क्रीनवर टॉर्च तिरका धरला तर चित्र अंधुकसे दिसते. म्हणजे डिस्प्ले ठीक आहे, बोर्डाचा बॅकलाइट गेला आहे. लोक स्क्रीन खराब म्हणून परत पाठवतात आणि दुसरीही काळीच येते.

यापुढचा अर्धा तास सगळ्यात मोलाचा. विथ फ्रेम असो वा नसो, काहीही चिकटवण्याआधी नवा फोल्डर नुसता टेकवून जोडावा, बॅटरी लावावी, फोन चालू करावा. फोल्डरवरची संरक्षक फिल्म आणि विक्रेत्याचे स्टिकर काढू नये, ते निघाले की माल परत घेत नाहीत. सॅमसंगमध्ये डायलरवर *#०*# दाबले की चाचणीचा मेन्यू उघडतो, शाओमीत *#*#६४८४#*#*. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे पाहावेत. पांढऱ्यावर पिवळसर सावली, काळ्यावर कडेने गळणारा उजेड, एखादा अडकलेला ठिपका तेव्हाच दिसतो. टचसाठी सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करून बोटाने आडव्या-उभ्या दाट रेघा माराव्यात. रेघ जिथे तुटते तिथे टच मेलेला. कडा आणि कीबोर्डाची जागा सोडू नये. मग चार्जर लावून पुन्हा तेच. हलक्या फोल्डरमध्ये चार्जिंग सुरू होताच बोट न लावता आकडे आपोआप दाबले जातात, आणि असा फोल्डर बदलून घेण्याची संधी याच क्षणापुरती असते. शेवटी एक फोन लावून वरचा सेन्सर झाकावा, पडदा विझला पाहिजे.

सगळे पास झाले की फोन बंद, बॅटरी पुन्हा वेगळी. विथ फ्रेममध्ये आता बॅटरी उचलावी लागते आणि खरा धोका इथे आहे. बॅटरीला खेचायची पट्टी असेल तर ती सावकाश ओढावी. नसेल तर कडेने अल्कोहोलचे चार-पाच थेंब सोडून दोन मिनिटे थांबावे आणि जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू सोडवावे. लोखंडी पात, सुरी अजिबात नको. बॅटरी दुमडली किंवा गोडसर, रंगासारखा वास आला तर काम सोडून ती वाळूच्या बादलीत टाकून बाहेर ठेवावी. इअरपीसची जाळी, सेन्सरभोवतीचे काळे रबर आणि माइकची बारीक गादी हे तीन तुकडे जुन्या चौकटीतच राहून जातात. रबर विसरले तर बोलताना पडदा विझत नाही. जाळी विसरली तर महिनाभरात इअरपीसमध्ये धूळ.

विदाउट फ्रेमवाल्यांना गम लागतो. काळा टी-७००० किंवा पारदर्शक बी-७००० घ्यावा. चौकटीवर अल्कोहोल फिरवून बोटाने चाचपावे, काचेचा एक कण राहिला तरी काच तिथूनच तडकते. गमची रेघ मिलिमीटरभर, अखंड. दोन-तीन मिनिटे चिकट होऊ द्यावी आणि मग स्क्रीन बसवून रबर बँड लावावेत, करकचून नाही, नाहीतर एलसीडीवर पांढरे डाग उमटतात. जास्त गम इअरपीसमध्ये आणि बटणांत उतरतो. पूर्ण पकड यायला २४ तास लागतात. फेव्हिक्विक कधीही वापरू नये. त्याची वाफ काचेच्या आतून पांढरी पडते, जोड ठिसूळ होतो आणि पुढच्या वेळी स्क्रीन अखंड निघतच नाही. आणखी एक : फोन मुळात पाणी-रोधक असला तरी घरी उघडल्यावर तो तसा राहिला असे समजू नये. पावसाळ्यात तर नाहीच.

आयफोनचे गणित वेगळे. आयफोन १० पासून १२ पर्यंत फेस आयडीशी निगडित सेन्सर स्क्रीनच्याच पाठीला चिकटलेले असतात आणि ते त्या फोनच्या बोर्डाशी बांधलेले असतात. त्या सेन्सरची पट्टी फाटली की फेस आयडी गेला. ५एस ते ८ मध्ये होम बटणाचे तेच. आयफोन ११ पासून बाहेरची स्क्रीन लावली की सेटिंग्जमध्ये सूचना झळकते. वळलेल्या कडांचे आणि घडीचे फोन तर घरी उघडूच नयेत.

हे सगळे सांभाळूनही मूळ अडचण उरते ती खात्रीचा पार्ट मिळण्याची. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू केले. तरी सर्व्हिस सेंटर सहसा सुटी स्क्रीन ग्राहकाच्या हातात देत नाही, फोन तिथेच उघडावा लागतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनसाठी, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ७ वर्षे सुटे भाग पुरवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे निदान दोन गोष्टी लगेच करता येतील : कंपन्यांनी सीलबंद फोल्डर काउंटरवर विकावा आणि बाहेरच्या फोल्डरच्या पाकिटावर टीएफटी, इनसेल की ओएलईडी हे छापणे सक्तीचे व्हावे.

तोवर दुकानात स्क्रीन बदलणाऱ्यांसाठीही एक सूचना. फक्त काच फुटलेल्या, पण चित्र येणाऱ्या जुन्या अमोलेड फोल्डरला बाजारात भाव असतो, कारण त्यावर नवी काच चढवून तो पुन्हा विकला जातो. तो परत मागावा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करायला सांगावी.

– एक मोबाइल दुरुस्ती कारागीर, पुणे