शेवाळावर औषध ओतण्याआधी पाणी तपासा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी ठेवणाऱ्यांची, आणि त्याहूनही अधिक त्यांना सामान विकणाऱ्यांची, एक चूक निदर्शनास आणण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नव्या टाकीत काही आठवड्यांतच काचेवर, वाळूवर आणि दगडांवर तपकिरी थर चढतो. मी घाबरून दुकान गाठले, तेव्हा विक्रेत्याने काहीही न विचारता शेवाळनाशकाची बाटली हातात ठेवली. त्या औषधात तांबे होते आणि शंखवर्गीय प्राण्यांना ते थोडेसेही मारक असते, हे मला कोणी सांगितले नाही. शेवाळ खाण्यासाठीच आणलेल्या गोगलगायी दोन दिवसांत मेल्या, त्या कुजून अमोनिया वाढला आणि पुढे हिरवे केसाळ शेवाळ माजले. वास्तविक तो तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शैवालाचा होता. त्याचे कवच सिलिकाचे असल्यामुळे पाण्यातील सिलिका संपत आली की तो बहुधा आपोआप ओसरतो.

परंतु खानदेशात ती सिलिका संपतच नाही, कारण आपणच ती रोज घालत असतो. एप्रिल-मेमध्ये येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, टाकी मात्र २५ ते २७ अंशांवर राखावी लागते. त्यासाठी पंखा लावावा तर पाणी आणखी वेगाने आटते. उडून जाते ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहते, म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची, हे योग्यच आहे. पण ते पाणी बोअरचे असेल, तर त्यातील सिलिका आणि शेतातील खतांमुळे भूजलात उतरलेले नायट्रेट प्रत्येक भांड्यागणिक टाकीत साठत जाते. कूलरच्या जाळीवर उन्हाळ्यात जो पांढरा क्षार बसतो, तो याच हिशेबाने बसतो.

यावर उपाय म्हणजे आरओ यंत्रातून आणि त्यापुढे डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांतून) काढलेले, टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण शून्य दाखवणारे पाणी. केवळ घरगुती आरओमधून थोडी सिलिका निसटते. मीठ मिसळतानाही हेच पाणी वापरावे आणि सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास ठेवावी. दिवा दिवसातून सहा ते आठ तासच लावावा, खाद्य मोजके टाकावे, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे आणि केसाळ शेवाळ हाताने उपटून बाहेर काढावे.

विक्रेत्यांनी बाटली देण्यापूर्वी टाकीत कोणते पाणी घालता एवढे तरी विचारावे, आणि औषधात तांबे असल्यास ते स्पष्ट सांगावे, ही कळकळीची विनंती. तांबे चुनखडीच्या दगडांत व वाळूत मुरते आणि पुढे हळूहळू सुटत राहते. त्यामुळे माझ्या टाकीत पुन्हा गोगलगायी सोडण्याचे धाडस मला अद्याप झालेले नाही.

आपला,
एक वाचक, जळगाव