न पोचलेली चिठ्ठी

इंदूर, रविवार दुपार

चि. ओंकारास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, 'वेस्ट साइड स्टोरी' बघितला की 'रोमिओ अँड ज्युलिएट' वाचायचं कामच नाही, गोष्ट तीच. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते म्हणून गप्प बसले. पण ते डोक्यातून जाईना. काल रात्री बाबा सराफ्याच्या खाऊगल्लीत गेले (भुट्ट्याचा कीस आणतो म्हणाले, आणला नाही), तेव्हा १९६१ चा सिनेमा पुन्हा लावला.

गोष्ट तीच, खरंय. व्हेरोनाच्या दोन घराण्यांऐवजी न्यूयॉर्कच्या पोरांच्या दोन टोळ्या, रोमिओ-ज्युलिएटऐवजी टोनी आणि मारिया, सज्जाच्या जागी इमारतीबाहेरचा लोखंडी जिना. पण घात कशानं होतो ते बघ.

नाटकात ज्युलिएट औषध पिऊन ४२ तास मेल्यासारखी पडणार, हे रोमिओला कळवायला पाद्री लॉरेन्स दुसऱ्या पाद्र्याबरोबर चिठ्ठी धाडतो. तो सोबतीला कुणी मिळतंय का बघायला एका घरी जातो आणि साथीच्या संशयावरून त्या घराची दारंच बंद केली जातात. चिठ्ठी परत लॉरेन्सकडे. कॉलेजात मला हे फार लंगडं वाटायचं. एवढा मोठा शेक्सपिअर, आणि सगळं एका न पोचलेल्या चिठ्ठीवर! २०२० च्या एप्रिलनंतर तसं म्हणवत नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी बल्ल्या बांधल्या होत्या, आठवतं? पलीकडे रामबागेत आत्या एकटी, तापानं फणफणलेली. बाबा डबा घेऊन बल्लीपाशी उभे, आणि पोलीस बिचारा नुसती मान हलवतोय. डबा तसाच घरी आला. संध्याकाळपर्यंत ओट्यावर पडून होता, झाकण कुणी उघडलं नाही.

सिनेमात साथ नाही. मारियाचा निरोप टोनीकडे घेऊन अनिता निघते, जिच्या प्रियकराला, म्हणजे मारियाच्या भावाला, बर्नार्डोला टोनीनं त्याच रात्री भोसकलंय. तरी जाते, मारियासाठी. दुकानात टोनीचीच पोरं तिला घेरतात, नको तितकी अंगाशी येतात, आणि ती संतापानं खोटंच सांगून टाकते, मारिया मेली, बर्नार्डोच्या टोळीतल्या चिनोनं गोळी घातली. ते ऐकून टोनी रस्त्यावर धावत सुटतो आणि चिनोच्या गोळीपुढे येतो. तिथे दार बाहेरून बंद झालं होतं, इथे पोरांनी स्वतःच्या हातानं लावून घेतलं. या एका जागी मला सिनेमा नाटकाच्या पुढे गेलेला वाटतो. रीटा मोरेनोला अनितासाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

पण ज्युलिएटची सर मारियाला नाही. चौदाही पूर्ण नाहीत, आणि लग्न कुठे, केव्हा, ते उद्या कळव, असं रोमिओला तीच बजावते. मारिया गोड आहे, झालं. एकदम उभी राहते ती शेवटी. टोनीच्या प्रेतापाशी पिस्तूल हातात घेऊन दोन्ही टोळ्यांवर रोखते, आणि बोलते. गात नाही. संगीतकार बर्नस्टाइननं तिथे गाणं बांधून बघितलं, जमलं नाही, मग संवादच राहिला. आपल्या संगीत नाटकात असती तर! पेटीनं सूर धरला असता, बाईंनी पिस्तूल खाली ठेवून भैरवी घेतली असती आणि तुझ्या आजोबांनी वन्समोअर मागितला असता.

एक मात्र खटकलं. सिनेमात मारियाचे आईबाप दिसतच नाहीत. नाटकात बाप ज्युलिएटला घराबाहेर काढायची धमकी देतो, आई पाठ फिरवते, आणि जिनं अंगाखांद्यावर वाढवलं ती दाईसुद्धा म्हणते, कर बापानं ठरवलेल्या त्या पॅरिसशी लग्न. तिनं ती बाटली तोंडाला का लावली, ते तिथे कळतं. तिसरा अंक, पाचवा प्रवेश. बाकी नको वाचूस, तेवढा वाच.

पुस्तक कपाटात वरच्या कप्प्यात आहे. कुणाबरोबर पाठवत नाही. दिवाळीला आलास की हातात देईन.

तुझी,
आई