निळी ट्रंक आणि २ लाख ८० हजार

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सद्या,

तुझे तीन फोन उचलले नाहीत, दोन मेसेजना नुसता अंगठा पाठवला. रागावला असशील. रागाव. आधी तब्येतीचं उरकतो: साखर आहे तेवढीच आहे, गुडघा पावसाची वर्दी देतो, हिचं बीपी गोळीवर चाललंय. झालं.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलोय. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला "बरं, मुद्द्यावर ये" म्हणतोस, आणि या वेळी मला मुद्द्यावर यायला वेळ लागणार आहे.

मी निगेटिव्हचा स्कॅनर घेतला. निकॉनचा सुपर कूलस्कॅन ९०००. हो, तोच. मामाच्या दुकानात मासिकात त्याची जाहिरात बघून तू म्हणाला होतास, "एवढ्यात बुलेट येती की रं." अजूनही येते. २ लाख ८० हजार मोजले, तेही जुन्याला. एक बुलेट येऊन वर वर्षभराचं पेट्रोल सुटलं असतं. घरात २८ सांगितलंय. खोटं नाही बोललो, एक शून्य गाळलं.

पैसे कुठले विचारशील. वरच्या स्लॅबचे. गेली दोन वर्षं जिन्यापाशी गळतंय, वॉटरप्रूफिंगवाल्याला जूनच्या आत बोलवायचं ठरलं होतं. आता तिथे बादली आहे. रात्री टप् टप् वाजायला लागलं की ही माझ्याकडे बघते आणि मी कुशीवर वळतो.

तू म्हणशील, एवढं कशाला, एप्सन होता की तुझ्याकडे. होता. आहे अजून. पण त्या फ्लॅटबेडच्या खोक्यावर लिहिलंय इंचाला ६४०० ठिपके आणि पदरात पडतात जेमतेम २३००-२४००. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला तर फार तोकडा. मोठ्या रोलच्या छोट्या प्रिंटला चालतो, पण काळ्यात काय आहे आणि पांढऱ्यात काय आहे ते काही सांगत नाही, सरकारी उत्तरासारखा. कूलस्कॅनचे ४००० बऱ्यापैकी खरे ४००० असतात. आपल्या सहा बाय सहा सेंटिमीटरच्या एका फ्रेमला साधारण ८८०० बाय ८८०० पिक्सेल होतात, सोळा बिटमध्ये नुसत्या काळ्या-पांढऱ्याची दीडशे एमबीची फाइल. आणि आत दिवा नाही, एलईडी आहेत, म्हणजे गरम होणं नाही, नळी बदलणं नाही.

फ्लेक्सटाइट नावाच्या स्कॅनरचा मोह झाला होता. तो डॅनिश, आधी इमाकॉनचा, मग २००४ मध्ये हॅसलब्लाडच्या घरात गेला. फिल्म कमानीसारखी वाकवून धरतो, त्यामुळे ती आपोआप ताठ राहते, काच लागत नाही. पण त्याचा भाव मोटारीचा, आणि सॉफ्टवेअर इतकं जुनं की त्याच्यासाठी एक म्हातारा मॅक वेगळा सांभाळायचा. एका घरात किती म्हातारे सांभाळणार?

निकॉनचंही काही सोपं नाही म्हणा. २००४ चं मॉडेल, बंद होऊन दीड दशक उलटलं. यूएसबी नाही, फक्त फायरवायर, ती जुनी जोडणी. मी थंडरबोल्टच्या अ‍ॅडॉप्टरला अ‍ॅडॉप्टर, त्याला आणखी एक केबल अशी आगगाडी जोडलीय. कंपनीचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नाही, व्ह्यूस्कॅन नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर भागवतो.

मुंबईत एका जाहिरातवाल्याच्या बंद पडलेल्या स्टुडिओत कपाटात पडला होता. त्यानं फोनवर व्हिडिओ पाठवला: इंडिकेटरचा दिवा लुकलुकतोय, मग स्थिर होतोय. स्थिर झाला म्हणजे मशीन तयार. भराभर लुकलुकायला लागला तर आजारी. तरी मी स्वतः गेलो, कुणाचा तरी जुना लॅपटॉप बगलेत मारून. तासभर स्कॅन करून बघितलं. चालला. दर कमी करा म्हणालो तर तो म्हणाला, "काका, जगात आता हे बनत नाही." बरोबर आहे त्याचं, पण लेका, मीही आता बनत नाही, मला कोण एवढे देतंय?

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. नऊ-दहा किलोचा तो डबा चादरीत गुंडाळून बर्थवर उशाशी घेतला आणि मी उरलेल्या जागेत मुटकुळं करून झोपलो. वरच्या बर्थवरची बाई विचारते, "देव आहे का आत?" मी हो म्हणालो. तिनं हात जोडले. सांगलीनंतर प्रसादही मागितला.

आणि घरी येऊन लावला तर दिवा भराभर. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग दिन्याच्या पोराला बोलावलं, उद्यमनगरातला, लेथवाला. त्यानं झाकण काढलं, वास घेतला (खरंच घेतला) आणि म्हणाला, "काका, ग्रीस वाळून गूळ झालंय." दांड्या पुसल्या, शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवला, दिवा स्थिर. पैसे विचारले तर म्हणतो, "बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला. हे तर काय, सरकणारा ड्रॉवर." त्याला खासबागला मिसळ घातली. तुझ्या नावाने एक जादा तर्री मागवली.

आता सांगतो. टेस्टला मुंबईला कुठली फिल्म नेली होती ते सांगायचं राहिलं. तुझी होती. निळ्या ट्रंकेतली.

सद्या, तू बडोद्याला जाताना ट्रंक माझ्याकडे ठेवलीस तेव्हा मी माळ्यावर ठेवतो म्हणालो होतो. २०१९ चा पूर आल्यावर तू फोन केलास, "निगेटिव्ह?" मी म्हणालो, माळ्यावर आहेत, काळजी करू नकोस. माळ्यावर होत्याच. माझ्या. तुझी ट्रंक कॉटखाली होती, कारण माळ्यावर जागा नव्हती.

कुंभार गल्लीतली ती खोली तुला माहीत आहे. पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांवर गेली तरी आपण बाहेर पाटावर चहा पीत बसायचो. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली. आत जायला मिळालं ते सहाव्या दिवशी. शेजारच्या शेडमधल्या गणपतींचा चिखल झाला होता, सोंडा आणि हात वेगवेगळे पडलेले. ट्रंक उघडली तर आत पाणी, आणि पाण्यात तुझे रोल, त्या बटर पेपरच्या पाकिटांतले.

आणि मग मी शहाणपणा केला. वाळवले. वरच्या खोलीत दोऱ्या बांधून, पंखा लावून, पाकिटांसकट. करायचं होतं नेमकं उलटं. ओली फिल्म ओलीच ठेवायची असते, गार स्वच्छ पाण्यात, आणि एक-दोन दिवसांत धुऊन एकेक पट्टी वेगळी टांगायची असते. हे मला कधी कळलं? सगळं वाळून खट्ट झाल्यावर. तीस वर्षं डार्करूममध्ये काढलेला माणूस मी. कागद इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराला चिकटला, इमल्शन पुढच्या पट्टीला. पुरानं जेवढं नेलं नसतं तेवढं मी पंख्यानं नेलं.

६४ रोल होते. त्यांतल्या २३ रोलांच्या पट्ट्या, काही पूर्ण, काही तुकडे, परत भिजवून सुटल्या. ही विचारायची, बाथरूममध्ये एवढा वेळ काय करताय. मी म्हणायचो, पोट. तेव्हापासून पोटाचा चूर्ण-काढा चालू आहे, विनाकारण.

तर त्या गुऱ्हाळाच्या फ्रेमची गोष्ट. १९८८, पाडळीच्या अलीकडे, ती सकाळ. तू फळीवर चढलेला, मी खाली चिपाडांत उभा राहून ओरडत होतो की पडशील. काहिलीतनं वाफ उठलेली, गुळव्या फावडं घेऊन वाकलेला. ती पट्टी वाचलीय. पहिलाच स्कॅन तिचा केला आणि पोटात गोळा आला. गुळव्याच्या अंगाभोवती, वाफेत, पाण्यात शाई पसरावी तशी काळपट सावली. मला वाटलं पाणी शिरलं होतं तिथे. मग लक्षात आलं की फ्रेमच्या कडेलाही तसंच आहे, सगळीकडे सारखं, म्हणजे दोष फिल्मचा नाही. या स्कॅनरांच्या आत एक आरसा असतो, वर्षानुवर्षं त्याच्यावर धुळीची साय धरते. चित्रातला काळा भाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक ना, तिथला उजेड त्या सायीवर फुटतो आणि शेजारच्या दाट भागात गळतो. गळतंय म्हटल्यावर मी आधी जिन्याकडेच बघितलं.

परत दिन्याचा पोरगा. त्या आरशाचा मुलामा वरच्या बाजूला असतो, बोट लागलं की संपलं. आधी हवेचा फुगा, मग धागे न सुटणारं कापड, दोन थेंब आयपीए, ते पुसायचं अल्कोहोल. पोरगा श्वास धरून, मी श्वास धरून. हिनं दारातून विचारलं, "कोण आजारी आहे?"

नंतरचा स्कॅन सोबत प्रिंट करून पाठवतोय. वाफ बघ. आपण एनलार्जरवर कधी काढली नव्हती अशी, पदर न् पदर सुटा. गुळव्याच्या मनगटावरचा काळा दोरा दिसतोय, फावड्याच्या दांड्याला गुंडाळलेली सुतळी दिसतेय. उजव्या कोपऱ्यात मात्र बुरशीनं नक्षी काढलीय, फांद्याफांद्यांची. ती जाणार नाही. तुला वाटेल एवढ्या महागाच्या मशीनमध्ये डिजिटल आइस आहे, धूळ-चरे आपोआप पुसतं. पुसतं, रंगीत फिल्मवर. ते इन्फ्रारेडनं चालतं आणि आपल्या ओर्वो आणि इंदू या काळ्या-पांढऱ्या फिल्मची चांदी इन्फ्रारेडलाही काळीच दिसते. म्हणजे सगळ्या फ्रेमलाच ते धूळ समजतं. चांदी घेऊन बसलो त्याची ही शिक्षा. तेव्हा हातानं ठिपका न् ठिपका. कोपरा तसाच ठेवलाय, तू म्हणशील तर भरतो.

पट्ट्या भिजून वाकड्या झाल्यात, निकॉनच्या साध्या होल्डरमध्ये बसत नाहीत, मधे शार्प तर कडेला मऊ. काचेचा होल्डर मिळतो, त्याचा भाव ऐकून मी फोन खाली ठेवला. मग आपल्या ड्युर्स्ट एनलार्जरच्या निगेटिव्ह कॅरियरची अँटिन्यूटन काच काढली, फिल्म टेकली तरी रंगीत कडी न उमटवणारी, कापून घेतली. हो, तुझा ड्युर्स्ट. तुला न विचारता. तूही यशिका मला न विचारता विकलास २००६ मध्ये, भागीतला कॅमेरा, आणि माझ्या हिश्शाचा नऊशेचा चेक पाठवलास. वर "फिल्म मेली रे बाबा" अशी चिठ्ठी. तो चेक अजून डायरीत आहे. फिटंफाट झाली असं समज.

तू म्हणशील आता लोक कॅमेऱ्यानंच निगेटिव्हचा फोटो काढतात, मॅक्रो लेन्स आणि लाइट पॅड, काम झटक्यात. माहितीये. माझ्या पोरानंही सांगितलं. माझा त्या गोष्टीवर राग नाही, पण मला हे झटक्यात करायचं नव्हतं. बँडिंग, म्हणजे चित्रात पट्टे, येऊ नये म्हणून मी सुपर फाइनवर लावतो, एका फ्रेमला चहा होतो आणि गारही होतो. तेवढा वेळ मी त्याच्यासमोर बसतो. हिला मी छंदासाठी घेतलाय वाटतं. दोस्तांना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. खरं कशासाठी घेतलाय ते मलाही नीट सांगता येत नाही, म्हणून तर तुझे फोन उचलत नव्हतो.

खासबागेतली ती कुस्तीची फ्रेमही आहे. शटर कुणी दाबलं त्याचा निकाल लागेल म्हणून ८००० पिक्सेल पालथे घातले. नाही लागला. मीच दाबलं होतं.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, लोकांकडून कळलं. फिजिओ चुकवू नकोस. कॅनडावाला नीट आहे ना? वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांनी पाठवलेला खाकरा संपला.

आता शेवटचं. एक गठ्ठा अजून तसाच आहे. सहा रोल, एकमेकांत रुतलेले, विटेएवढे कडक. पाकिटावर तुझं अक्षर, एवढंच वाचता येतं: "जोतिबा, चैत". भिजवला तर सुटतील किंवा इमल्शन सगळंच पाण्यात येईल. कितीदा टब भरला आणि ओतून दिला. झिपच्या पिशवीत घालून ठेवलाय. तू येशील तेव्हा भिजवू, नाहीतर नाही. पाणी गारच घेऊ.

तुझा,
अव्या

ता. क. हिला पावती सापडलीय असं वाटतं. काल चहा देताना म्हणाली, "अठ्ठावीसला चांगला मिळाला हो." आणि बादली बदलायला गेली.